घरातल्या व्यक्ती : तीन

प्रिय लेकी,

तुझ्या मुलीचा ताबा मला मिळावा म्हणून अर्ज केलाय. काल दुपारी मोफत कायदेशीर मदत केंद्रातून समाजसेविका आणि वकिली शिकणारी एक मुलगी घर पाहायला आल्या. त्या मुलीने अहवालात लिहिलं, घरातल्या व्यक्ती तीन : आजी, नात, नातीची आई.

मी कडाडले, "अगं, अर्जाला माझ्या लेकीच्या मृत्यूचा दाखला जोडलाय. वाचता येतं ना? आमच्या शाळेतल्या नन्सनी तुला बाकावर उभं केलं असतं!"

ती पांढरीफटक पडली. "पण आजी, आतल्या खोलीत एक बाई तुमच्या नातीची वेणी घालत होत्या. म्हणाल्या, माझ्या आईचं बोलणं मनावर घेऊ नकोस."

हे तूच म्हणणार.

समाजसेविकेने ती ओळ खोडली. मी आत गेले. पोरीची एक वेणी घट्ट बांधलेली होती, दुसरी अर्धवट.

गुरुवारी त्या पुन्हा येणार आहेत. असला अहवाल न्यायाधीशांपुढे गेला तर मला वेडी ठरवून पोर तिच्या बापाला देतील, आणि त्याचा हात कसा चालतो हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? तेव्हा निकाल लागेपर्यंत कोणाला दिसू नकोस. मग घाल हव्या तेवढ्या वेण्या.

हे टपालात टाकणार नाही, तुझ्या कंगव्याखाली ठेवतेय.

तुझी तोंडाळ,
आई