कलती खुर्ची

चि. उबाल्दीनास अनेक आशीर्वाद.

आज घरी आलं ते असं: डुलती खुर्ची एक, तीनशे वीस पेसो, हमाली बारा, मारियामातेपुढे मेणबत्ती, दोन.

खुर्ची आईची आहे. बारांकियाला पळून जाताना बोटीच्या तिकिटासाठी तू विकलीस, तीच. म्हणशील, मोम्पॉक्समध्ये घरोघरी याच नक्षीच्या खुर्च्या, मग ताईने ओळखली कशी? दारात या खुर्चीत बसलेल्या आईचा फोटो मी नीट पाहिला. आपल्या दारातली फरशी नदीकडे उतरती, तरी फोटोत खुर्ची ताठ आहे. बाबांनी तिची चढाकडची खालची कमान रंध्याने तासली होती ना!

जुन्या सामानाच्या दुकानातले डॉन एवारिस्तो म्हणाले, "बाई, ही नका घेऊ. कलते. बसलेला माणूस प्यायल्यासारखा दिसतो."

"मग ऐंशी कमी करा," मी म्हटलं, आणि फोटो पिशवीतच ठेवला. हे पाप असेल तर शनिवारी पाद्रीबाबांना सांगेन.

संध्याकाळी खुर्ची दारात ठेवली. अगदी सरळ! मी इतकी हसले की रडू आलं. अकरा वर्षांचा राग कुठे गेला, कळलंच नाही.

तुझा पत्ता मी रागाने वहीतून खोडला होता, म्हणून हे पत्र अजून वहीतच आहे. उद्या तुझ्या नणंदेकडून पत्ता आणते. पहिल्यांदा तू बसायचंस, मी अजून बसलेली नाही. कधी येतेस ते उलट टपाली कळव.

तुझी ताई,
एर्सिलिया