कांडीमागे पुडी

२४ जून १९९७
दोनच बोटं गेली! सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी यांना तोंड उघडून स्वतःची बोटं उभी घालायला लावली. तीन जायला हवीत. गुटख्यानं जबडा आवळत चाललाय. गालाच्या आत पांढरा चट्टाही आहे. "वेळीच आवरा, नाहीतर कॅन्सर," म्हणाल्या. पुड्या हळूहळू कमी करा, आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरा, एकेक वाढवत न्या.

वाटेत हे म्हणतात— "कानबाईसमोर एकदम सोडसू!" दर श्रावणात देवीच्या नारळाला हात लावून सोडतात. विसर्जन झालं की तोंड पुन्हा लाल! घरी येऊन मी मिसरी लावत बसले, तेव्हा कुठे जरा शांत झाले.

२ जुलै
संताप संताप! यांनी लूमवरच्या लोटूभाऊंबरोबर पर्वत पाटियाला जाऊन कुण्या वैद्याची पावडर आणली. आठवड्यात तलफ गायब म्हणे. साड्यांना टिकल्या लावून मी जमवलेले पैसे त्यात गेले. आमच्या धनश्रीच्या वह्या राहिल्या.

५ जुलै
पावडरीनं उलट्या. लूमवर खाडा. आणि संध्याकाळी— पुडी!

११ जुलै
डबा द्यायला लूमवर गेले होते. आज कळलं. दोऱ्याची कांडी संपली की धोट्यात नवी घालायची आणि दोरा भोकातून तोंडानं ओढायचा. तोंडात गुटखा असला तर कापडावर डाग, शेठ पगार कापतो. म्हणून हे आधी थुंकतात, दोरा ओढतात आणि लगेच नवी पुडी! तलफ असो की नसो.

मी म्हटलं, दोरा ओढल्यावर पुडीऐवजी बडीशेप टाका. शेजारच्या मागावरून लोटूभाऊ हसले. "बडीशेप खाईसन कोन सुधरस, वहिनी!" हेही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० जुलै
डब्यात दिलेली बडीशेपेची पुरचुंडी तशीच परत आली. आइस्क्रीमच्या काड्याही दिसत नाहीत, धनश्रीनं खेळायला नेल्या असतील. यांच्याशी बोलणं टाकलंय. डोकं इतकं चढलं की मिसरीशिवाय काही सुचेना.

३ ऑगस्ट
पुरचुंडी रिकामी! विचारलं तर— "सांडी गयी." सांडली म्हणे!

१० ऑगस्ट
कानबाई बसली. यांनी हात जोडले, पण नारळाला हात लावला नाही. मी भडकलेच— यंदा तेवढंही नाही?

"एकदम सोडानं मले जमत नही," म्हणाले. सकाळ-संध्याकाळ पुडी खातात अजून. पण लूमवर कांडीमागे आता बडीशेप. सांगितलं असतं तर मी रोज मोजत बसले असते म्हणे! मग खिशातून काड्यांची जुडी काढून दातांत धरली. नंतर बोटं घालून दाखवली. तिसरंही निम्मं जातंय! मला रडूच आलं. देवीसमोरच रडले.

११ ऑगस्ट
विसर्जनाहून आलो. मिसरीची डबी काढली तर यांनी आरसा पुढे धरला.

"आते तू तोंड उघाड."

मी हसले. मग खालचा ओठ उलटून बघितला. हिरडीला पांढरा चट्टा.