एका शेडची दोन दारं

३ मार्च

डेन्मार्कमधल्या लेमविगला आलो आणि पहिल्याच दिवशी ऊन पडलं. खोली बेकरीच्या वर आहे, त्यामुळे पहाटेपासून राय धान्याच्या पावाचा वास. माझा नवा मालक टोर्किल्ड मला बघून म्हणाला, "ईवर, लग्नाला आलायस की कामाला? शर्ट बदल." मग व्हॅनची किल्ली हातात ठेवली. आमचं काम गॅरेजांची मोठी दारं राखण्याचं: ट्रकवाले, मासळीच्या वखारी, टायरवाले. दाराचा भार मोटर नाही, स्प्रिंग पेलते, हे मला ठाऊक होतं. तरी त्याने पुन्हा शिकवलं. पिळलेल्या स्प्रिंगसमोर तोंड न्यायचं नाही. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत, त्यामुळे मीही निमूट ऐकलं. दुपारी हेरिंग मासा आणि बिअर. एकूण बरं जमेल माझं इथे.

६ मार्च

आज बंदरामागची ट्रक-दुरुस्तीची शेड. बाप वारल्यावर दोघा भावांनी मधोमध फळ्यांची भिंत घालून ती वाटून घेतली. डावं दार थोरल्या आस्गेरचं, उजवं धाकट्या एस्बेनचं. बोलणं बंद. आस्गेरने विचारलं, "पलीकडच्या गाढवाचं दार आधी केलंस का?" एस्बेननेही अगदी तेच विचारलं, गाढवासकट. दोघांनाही नाही म्हणालो.

आई, गुड्रुनबाई, मागच्या घरात राहते. सत्तरी उलटली आहे, पण नवऱ्याबरोबर जन्मभर याच शेडमध्ये राबलेली. अजून शिडीवर चढून दिवे स्वतः बदलते. दोन्हीकडे कॉफी तीच नेते, पहिला कप कुणाला यावरून भांडण नको म्हणून रोज बाजू बदलते. मला वेलचीचा पाव दिला. असली आई असून पोरं अशी का, कळत नाही.

१४ मार्च

आस्गेरचा कुत्रा गेला. दाराखाली कुणी आलं की दार थांबवणारा एक विजेचा डोळा चौकटीवर असतो. तो कुणीतरी निकामी करून ठेवला होता. दार उतरतच राहिलं. मी पोचलो तेव्हा आस्गेर पाइपने फरशी धूत होता आणि कुत्र्याचं मागचं अर्धं अंग अजून दाराखालीच होतं. त्याने फळ्यांवर हातोडा मारला. भोक पडलं. त्या भोकाला तोंड लावून म्हणाला, "आता तुझी पाळी, एस्बेन."

गुड्रुनबाईने कुत्रा पोत्यात भरला, हात धुतले. मग विचारलं, एवढ्या वजनाखाली माणूस वाचतो का. नाही वाचत, म्हणालो. तिने मान डोलावली.

१५ मार्च

टोर्किल्डला सांगितलं. तो म्हणाला, "आपण दारं दुरुस्त करतो, घराणी नाही." तरी पोलिसांकडे गेलो. तिथला माणूस भावांचा वर्गमित्र निघाला. हसला. शाळेतही एकमेकांचे दात पाडायचे म्हणे.

२१ मार्च

एस्बेनने सकाळी दार उघडलं आणि वरची स्प्रिंग दांड्यासकट सुटून त्याच्या तोंडावर आली. भिंतीतले बोल्ट सैल केलेले होते. मी गेल्या आठवड्यात स्वतः आवळलेले. मी मागच्याच गल्लीत होतो म्हणून पहिला पोचलो. खालचा जबडा जागेवर नव्हता. एक डोळा— नको. तो जिवंत होता, माझी बाही धरून होता. पलीकडे आस्गेरचं ग्राइंडर चालू होतं. थांबलं नाही.

गुड्रुनबाई दारात उभी राहून बघत होती. रक्ताला पाय लागू नये म्हणून स्कर्ट जरा उचलून धरला होता.

२३ मार्च

इस्पितळात गेलो. एस्बेनचं तोंड तारांनी बांधलंय, बोलता येत नाही. मी विचारलं, आस्गेरने केलं? त्याने मान हलवली. नाही. मग कोण, विचारतोय तोवर गुड्रुनबाई सूपचा डबा घेऊन आत आली. एस्बेनने माझं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. चादर ओली झाली. ती म्हणाली, "बघा, एवढा मोठा झाला तरी."

दोन्हीकडच्या किल्ल्या फक्त तिच्याकडे आहेत.

टोर्किल्डला फोन केला. या वेळी त्याने झटकून टाकलं नाही. उद्या दुपारी पोलीस घेऊन येतो म्हणाला. आस्गेरला सावध करायला मी सकाळीच जाणार.

२४ मार्च, सकाळ

उशीर झाला. आस्गेर उघड्या दाराखाली उभा होता. मी हाक मारली, तो वळला. स्प्रिंगच्या तारा कापलेल्या होत्या, दार नुसतं मोटरवर लटकत होतं. दार मोटरपासून सोडवायची लाल दोरी गुड्रुनबाईच्या हातात— तिने ओढली. दार कोसळलं. आवाज झाला. त्याच्या कमरेचा.

मी दार उचलायला धावलो. तिने लोखंडी सळई माझ्या उजव्या हातावर घातली. मग पुन्हा, डोक्यासाठी, पण चुकली. कॉम्प्रेसरच्या खोलीत शिरलो, कडी लावली. वही खिशात होती, फोन व्हॅनमध्ये. डाव्या हाताने लिहितोय.

थोड्या वेळाने

ती दाराशी बसली आहे. शांतपणे बोलते. भिंत पाडायची आहे, एका शेडला एकच दार हवं, नवऱ्याने तसंच बांधलं होतं. मी विचारलं, पोटच्या पोराला? म्हणाली, "दोघांतला कुठलाही एक उरला असता तरी चाललं असतं मला."

मी फक्त सांगायचं की तारा माझ्याकडून नीट बसल्या नाहीत. मग सोडेल. "तू परका, पोरा. लोक विसरतात."

आस्गेर अजून कण्हतो आहे. तो जिवंत आहे तोवर मी हो म्हणणार नाही. तेच सांगितलं तिला.

ती उठली. त्याच्याकडे गेली.

सळईचा आवाज. पुन्हा. पुन्हा—

कण्हणं थांबलं

परत आली. धापा टाकते आहे. आता तरी हो म्हण, म्हणते. मी नाही म्हणालो. टोर्किल्ड दुपारी येईल. दुपार किती लांब—

बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत. वरची खीळ ठोकून काढते आहे

पडली

मधली. दार झुकलंय, फटीतून तिचा बूट. टोर्किल्ड, तारा मी नीट बसवल्या होत्या, बोल्ट मी आवळले होते, दोन्हीकडे तिनेच

खालची खी—