टाकीच्या तोंडाशी कंदील

आबा, तुम्ही कंदील दोरीला बांधून विहिरीत सोडायचात आणि ज्योत तळापर्यंत तगली तरच दादाला खाली उतरवायचात. मेढ्याकडच्या जुन्या विहिरींचा गाळ काढायचं तुमचं काम, त्यातलं सगळं तुम्ही त्याला दिलंत. मी एकदाच कंदिलाला हात लावला, तर म्हणालात, "ठेव त्यो. हात कापाय लागलाय तुझा. तू साळा शिक." शाळा दहावीला सुटली. कंदील मात्र तुम्ही जाईपर्यंत माझ्या हाती आला नाही.

आता मी कोकणातल्या एका गोदीत सुपरवायझर आहे. जहाजाच्या पोटात पाण्याच्या टाक्या असतात. बंद टाकीतली हवा विहिरीसारखीच माणूस मारते, म्हणून आधी मीटर आत सोडून हवा तपासायची, मगच माणूस उतरवायचा. हे पाळून घेणं माझ्याकडे आहे. मी तपासलेलं पुन्हा तपासतो, माणसं हसतात, हसू देत. गावाकडे बोअर आले, विहिरींचं काम आटलं, तेव्हा दादाला मीच इथे लावून घेतलं. माझ्या हाताखाली. त्यात मला सुख होतं, तुमच्यापासून लपवत नाही.

परवा एका टाकीला आतून नवा रंग दिला होता. झाकण उघडून मी मीटर जोडतोय, मागे वळून बघतो तर दादा तारेला चिंधीचा बोळा बांधून कनवटीचा लायटर काढतोय. मी त्याचं मनगट धरलं.

"सोड रं," तो म्हणाला. "तुझं यंत्र तुला. आबांनी मला असाच दिवा दावून उतरवलंय."

"ही हीर न्हाई, दादा. आत रंगाची वाफ हाय. ठिणगी पडली तर दोगंबी जाऊ."

त्याने तारेवरचा बोळा सोडवून खिशात कोंबला. मग लायटर माझ्या हातात ठेवत म्हणाला, "तुझा हात आता कापत न्हाई की रं."

नियमाप्रमाणे त्याला दिवसभरासाठी गेटबाहेर काढलं. तुमचा दिवा इथे निकामी ठरला, या विचाराने मला बरं वाटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंतच.

हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून खरं लिहितो. हात कापत होता, आबा. मनगट त्याचंच माझ्या मुठीत होतं, त्याला कळलं असणारच. तरी तो तसं म्हणाला. माणसाला असा धीर द्यायलाही तुम्हीच त्याला शिकवलं असणार, आणि मला त्याचाही हेवा वाटतो.