पत्र्यावर दोन ठोके

सोमवार, ३ तारीख. चहानंतर.
ही वही जावईबापूंनी बाळाच्या दुधाच्या वेळा लिहायला आणली. पुढून दूध, मागून मी. कोणी वाचायची भीती नाही, माझं अक्षर लेकीला आजवर लागलेलं नाही.

नात सव्वा महिन्याची झाली. नाक माझं. विहीणबाई फोटो बघून म्हणाल्या आमचं आहे. म्हणू देत.

तर मुद्दा. माझी ताई याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या थोरल्याकडे आहे. रविवारी विमानाने धाकट्याकडे जाणार, ती कायमची. गुडघे गेलेत, यापुढे कुठे हलायची नाही असं स्वतःच म्हणाली. सहा वर्षांत आमची भेट नाही. म्हणजे हा आठवडा, नाहीतर फोटोतच.

लेक म्हणाली टॅक्सी बोलावते. जावई म्हणाले शनिवारी सुट्टी आहे, मी नेतो. दोघांनाही नको म्हटलं. कारण ताईला फोनवर सांगून बसलेय की मी स्वतः गाडी चालवत येणार. ती हसली. माझी शाळा चौथीत सुटली तेव्हाही अशीच हसली होती, तोंडावर पदर धरून. आता तिच्या दारात ड्रायव्हरच्या बाजूने उतरणार. मग हस म्हणावं.

बावीस वर्षं दुधाचा टेम्पो चालवलाय मी. एक कॅन सांडला नाही. इथे परदेशात चालणारा परवाना येतानाच करून आणलाय, लोकरीच्या मोज्यात लपवून. माणसाने तयारीत असावं.

मंगळवार, ४ तारीख. दुपार.
गाडी आली! भाड्याच्या गाड्यांची कंपनी घरपोच देते. पांढरी, गुबगुबीत, आत नव्या चपलेचा वास. आणून देणारी बाई लाघवी. अनुभव किती म्हणाली. बावीस वर्षं म्हटल्यावर तिने मान झुकवली. शेजारी कोणी दुसरा ड्रायव्हर लिहायचा का म्हणाली. म्हटलं, कशाला?

क्लच नाही. पूर्वी डाव्या पायाने जन्मभर राबायचं, आता त्याला पेन्शन.

तासभर आत बसले. सीट पुढे, मागे, वर. हॉर्न वाजवून बघितला, बाळ उठलं, लेक ओरडली. आजसाठी एवढं पुष्कळ. घाई करणारे खड्ड्यात जातात.

बुधवार, ५ तारीख.
चालवली! कॉलनीत. दोनदा डावा पाय क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर बसला. कपाळ काचेपर्यंत गेलं, पण लागलं नाही. पेन्शनीतल्या माणसाला कामाची खोड जात नाही.

मग गाडी इतकी सुरेख लावली की काय सांगू. उतरून बेल वाजवली. दार अर्ध्या चड्डीतल्या अनोळखी गृहस्थांनी उघडलं. इथली सगळी घरं एकाच साच्यातली, त्याला मी काय करू? गृहस्थ भले. पाणी दिलं. गाडी त्यांनीच आमच्या दारात आणून लावली, मी मागून चालत आले.

रिव्हर्सचं तेवढं जमवायला हवं. आरशात बघायचं म्हणे. टेम्पोलाही आरसा होता, पण तो मी टिकली सरळ लावायला वळवून ठेवलेला. मागचं बघायला आमचे हे होते ना. हे मागे कॅनजवळ उभे राहायचे. पत्र्यावर एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ, तीन म्हणजे मागे घे. डावीकडे वळायचं तर डावा पत्रा. उगाच आपली सवय, हात स्वस्थ बसत नसे. चालवत होते मीच.

यांना जाऊन दोन वर्षं झाली.

गुरुवार, ६ तारीख. सकाळ.
कॉलनीच्या तोंडाशी एक गोल चौक आहे. तो ओलांडला की मोठा रस्ता, सरळ चाळीस मिनिटं, की ताई. आज रंगीत तालीम.

चौकात पस्तीस मिनिटं उभी होते. गाड्या येतात, जातात. निघायचं कधी ते कळायला कोणी हॉर्न तर वाजवावा! मागे सात गाड्या, पण सगळ्या मुक्या. एकाने काच खाली करून दोन्ही हात हलवले. मीही हलवले. माणसं प्रेमळ आहेत, फक्त अबोल.

शेवटी पोस्टमन आला. काय अडलंय विचारलं. म्हटलं, काही नाही, अंदाज घेतेय. त्याने गाड्या थांबवल्या आणि जा म्हणून टपावर दोन ठोके दिले. आणि काय सांगू, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली! अख्खा गोल फिरून परत कॉलनीत आले. एकदाही अडखळले नाही.

इंजिन तापलं की ही जात बरी चालते असं दिसतंय.

शुक्रवार, ७ तारीख.
वारा फार. हलकी गाडी वाऱ्यात काढू नये. दुपारी वारा पडला, पण ऊन डोळ्यांवर. चारनंतर शाळेच्या बसेस. अनुभवी माणूस हे सगळं बघतो.

लेकीला म्हटलं, दहा मिनिटं मागच्या सीटवर बस, काही करू नको, वाटेल तेव्हा नुसतं ठोक. टाके अजून ओढतात तिचे, म्हणून नाही म्हणाली. मग बाळाचे लंगोट घडी करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, टेम्पो तू चालवायचीस. रस्ता बाबा बघायचे."

बाळंतपणात डोकं हलकं होतं बायकांचं.

लंगोटांच्या घड्या वाकड्या घातल्या होत्या. परत घातल्या.

शनिवार, ८ तारीख.
जावई सकाळी बूट घालून तयार. म्हणाले, आई, चला, दुपारपर्यंत परत येऊ. मला दुभती म्हैस आंदण दिल्यासारखा चेहरा केला त्यांनी. मी म्हटलं, तुमची सुट्टी लेकीला द्या. उद्या भल्या पहाटे रस्ता रिकामा, मी साडेसहाला निघणार, सव्वासातला ताईकडे. ती साडेदहाला विमानतळाला निघते. तीन तास बोलायला मिळतात. सहा वर्षांचं तीन तासांत बसवायचं म्हणजे आधी कोण मेलं ते, मग कोणाचं लग्न झालं ते.

जावयांनी नकाशा काढून दिला. गोल, मग सरळ रेघ. बास.

गाडी धुतली. आरसा पुसून मागे वळवून ठेवला. ताईला फोन केला, सव्वासात म्हटलं. या खेपेला ती हसली नाही. म्हणाली, खिडकीशी खुर्ची लावून घेते, तू उतरताना बघायचंय मला.

रविवार, ९ तारीख. दुपार.
सहा चाळीसला चौकात होते. रस्ता धुतल्यासारखा मोकळा. या बाजूला गाडी नाही, त्या बाजूला नाही. अशी संधी कोणाला मिळते!

पांढऱ्या रेघेवर थांबले. आरशात बघितलं. आरशात मागची सीट, आणि सीटवर कोणी नाही.

पाय उचलेना.

सातला ताईचा फोन. कुठवर आलीस? म्हटलं, रस्त्यात आहे. खोटं नव्हतं. साडेआठला परत. म्हणाली, "सावकाश ये गं. मी खिडकीशीच आहे." नऊनंतर तिचा फोन वाजला तो मी घेतला नाही. ड्रायव्हरने चालवताना फोन घेऊ नये.

मागून येणाऱ्या गाड्या मुकाट बाजूने निघून जात होत्या. मध्ये मीच पत्र्यावर आतून ठोकून बघितलं. दोन वेळा. स्वतःचा ठोका ऐकू येतो, पण पटत नाही.

पावणेअकराला जावई चालत आले. फोन त्यांनाही गेला होता. दार उघडून म्हणाले, सरका आई. आम्ही निघालो. त्यांनी पळवलीही गाडी. पण चाळीस मिनिटं ती चाळीसच. अर्ध्या वाटेत भाच्याचा फोन आला, अकरापर्यंत थांबवलं होतं तिला, यापुढे विमान चुकेल, निघालो. म्हणजे कुठेतरी समोरून गेलीच असेल. मी प्रत्येक गाडीच्या काचेत बघत होते. फार जोरात जातात.

सोमवार, १० तारीख.
गाडी न्यायला ती लाघवी बाई आणि एक मिस्त्री आले. मिस्त्रीने मीटर वाचला. काल जावयांनी चालवली ती सोडून, चार किलोमीटर. गाडीत काही दोष होता का, असं बाईने काळजीने विचारलं. म्हटलं, ब्रेक जरा कडक आहे. तिने लिहून घेतलं.

मी दारात बाळाला घेऊन उभी होते. बाई आत बसली. मिस्त्रीने डिकी लावली आणि निघ म्हणून पत्र्यावर दोन ठोके दिले.

माझा उजवा पाय पायरीवर आपोआप दाबला गेला.

गाडी गेली.