सारवलेला कोबा

आई, तुला जाऊन बावीस वर्षं झाली तरी मला तुझा राग यायचा काही थांबत नाही. गेल्या महिन्यात म्हसवडकडच्या एका लग्नाला गेले होते. आपल्या भावकीतली एक नवी सून, नवरा फौजेत, पुढच्या आठवड्यात ती त्याच्याकडं निघालेली. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आत्याबाई, त्या आज्जीवानी मी बी तितं सायबाला ठणकावून सांगनार बगा. तुमी हुतासा न्हवं तवा?" मी हो म्हटलं आणि हात धुवायला उठले. म्हणजे तू गेलीस, पण तुझी गोष्ट गेली नाही. कँपातल्या साहेबाला तू कसं तोंडावर सुनावलंस आणि मी तुझा शब्दन् शब्द त्याला हिंदीत कसा सांगितला, हे तू जन्मभर लग्नात सांगितलंस, बारशात सांगितलंस, एस.टी.त शेजारी बसलेल्या परक्या बाईलासुद्धा सांगितलंस. दर खेपेला एकेक साहेब वाढवत गेलीस. शेवटी शेवटी तर ते तुला सलाम ठोकून गेले होते. मी बाजूला बसून चडफडायचे आणि गप्प राहायचे, कारण तिथं खरं काय बोलणं झालं ते माझ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

ती दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. आबा गुडघ्याला मार लागून परत आले, हवालदार झाले, साताऱ्याबाहेरच्या त्या लहानशा कँपात त्यांना सामानाच्या कोठीवर नेमलं. क्वार्टर मिळालं आणि आपण दोघी माणदेशातून तिथं राहायला आलो. मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. गावात मुलींची शाळा नव्हती. मुलांच्या चौथीत मी एकटी परकरवाली भिंतीला टेकून बसत होते, आणि चौथी झाली की मेंढरांमागं जायचं हे ठरलेलं होतं. इथं कँपातून मैल-दीड मैल चाललं की साताऱ्यात मुलींची शाळा, आणि मला तिथं पाचवीत घेतलं होतं. क्वार्टर आहे तोवर शाळा, क्वार्टर गेलं की माण आणि मेंढरं. एवढी सरळ गोष्ट मला बाराव्या वर्षी कळत होती. तुलाही कळत असणार, पण तू समजून घेत नव्हतीस.

पहिल्याच दिवशी तू काय केलंस आठवतं? बराकींच्या रस्त्याला दोन्ही कडेनं चुना फासलेले दगड ओळीनं मांडलेले होते. तू त्यातले तीन बघून बघून उचललेस आणि मागच्या दारी चूल मांडलीस. संध्याकाळी आबा आले तेव्हा दगड काळे झाले होते, वर भाकरी फुगली होती, आणि रस्त्याच्या ओळीला खिंडार पडलं होतं. त्यांनी तसल्या दुखऱ्या गुडघ्यानं वाकून दगड घासले, चुना फासला, जागच्या जागी नेऊन ठेवले. तू वर त्यांनाच विचारतेस, "आवं, दगूड त्यो दगूड. वापरायचा न्हाई तर मांडून कशाला ठिवलाय?" पुढच्या आठवड्यात तू दुसऱ्याच क्वार्टरात शिरलीस. सगळी दारं सारखी, चूक कुणाचीही होईल. पण तू आत जाऊन त्या पंजाबी बाईच्या पातेल्यावरचं झाकण काढलंस आणि माझं कालवण कुणी बदललं म्हणून तिच्याशीच भांडलीस. मग स्वतःचं दार ओळखू यावं म्हणून गेरूनं त्यावर भला मोठा पंजा उठवलास. आबा तो पुसायचे, तू परत उठवायचीस. पहाटेचा बिगूल वाजला की तू कानावर हात ठेवून म्हणायचीस, "ह्यास्नी कोंबडं पाळाय काय झालंय?"

हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण तो कोबा! क्वार्टरात गुळगुळीत सिमेंटचा कोबा होता, आरशासारखा पुसला जाणारा, आणि मी त्याच्या प्रेमात पडले होते. उघड्या कोब्यावर पालथं पडून मी धडे लिहायचे. तू मात्र त्यावर पहिलं पाऊल टाकलंस तेव्हाच तुझं तोंड वाकडं झालं. चार दिवस तू देवाचा टाक गाठोड्यातून बाहेर काढला नाहीस. पाचव्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन निघालीस. कँपात खेचरांचे तबेले होते, लीद पाहिजे तेवढी पडलेली. पण लीद म्हणजे शेण नव्हे, हे तू मला असं समजावलंस जणू मी साताऱ्यातच जन्मले होते. तू कँपाच्या हद्दीबाहेर गवळ्याच्या गोठ्यापर्यंत गेलीस आणि भरली पाटी घेऊन फाटकातून परत येताना पहारेकऱ्यानं तुला अडवलं. बंदुकीवाल्या त्या माणसापुढं तू पाटी खाली घेऊन म्हणालीस, "शेन हाय, बग. घालू हातात?" त्यानं वाट सोडली. मी शाळेतून आले तर माझा कोबा गेला होता. खोलीभर हिरवट ओलं सारवण, त्यावर तुझ्या बोटांच्या कमानी, कोपऱ्यात देव मांडलेला, आणि तू भिंतीला टेकून इतक्या समाधानानं बसलेली की मला रडूच कोसळलं. तुला वाटलं मला भूक लागली.

पाहणी होणार हे क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला माहीत होतं. सुभेदारांनी आधीच बजावलं होतं की ज्याचं क्वार्टर घाण सापडेल त्याचं बिऱ्हाड गावाला जाईल. आबा नेमके त्या आठवड्यात ट्रकांबरोबर पुण्याला गेले होते. मी तुला चार दिवस विनवलं, पाया पडले, एक दिवस जेवले नाही. तू म्हणालीस, "घान? सारवल्याली भुई घान? येऊ दे त्याला, म्याच बोलती." आणि तो आला. गोरा कॅप्टन, त्याची मडम, मागं आपले सुभेदार, जे उत्तरेकडच्या डोंगरातले होते आणि ज्यांना मराठीचा म सुद्धा येत नव्हता. साहेबानं उंबऱ्यातूनच नाकाला रुमाल लावला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, हे काय आहे. लाइनीतल्या पोरींबरोबर खेळून मला त्यांची हिंदी येत होती, तुला अजिबात नव्हती. तू पदर खोचलास, मला पुढं ढकललंस आणि सुरू झालीस.

"त्याला सांग, ही भुई मेल्याली हाय. पाय ठिवला की गार, बसलं की कंबर धरतीया. हितं देव कुटं ठिवू मी? आमी मेंढरामागं रानात उतारलो तरी चुलीम्होरली हातभर जागा सारवून घेतो, मगच भाकरी थापतो. तुझ्या सरकारानं भिती बांदल्या, वर कौलं घातली, पर घर केलं न्हाई. घर म्या केलं. सांग त्याला, एक शबुद गाळू नगंस."

आई, मी एकही शब्द सांगितला नाही. मी म्हणाले, "साब, माँ का दिमाग ठीक नहीं. जंगली है, भेड़-बकरी में रहा है, कुछ समझता नहीं. हम सब साफ करेगा. हमको गाँव मत भेजो." एवढंच. साहेबानं मडमकडं पाहिलं. मडमनं तुझ्याकडं पाहिलं, तिचे डोळे भरून आले, ती सारवणावरून चालत तुझ्याजवळ आली आणि तिनं तुझ्या खांद्यावर हात ठेवला. आजारी माणसाच्या ठेवतात तसा. सुभेदार मला म्हणाले, यापुढं प्रत्येक पाहणीला जमीन स्वच्छ दिसली पाहिजे, आणि सगळे पुढच्या क्वार्टराकडं गेले. तू विचारलंस, "काय म्हनला?" मी म्हणाले, "तुझं पटलं त्याला. फक्त पाहणीच्या दिवशी तेवढं धुऊन ठेवायचं, मग परत सारवलं तरी चालेल." तू म्हणालीस, "मानूस शाना हाय."

त्या शहाण्या माणसापायी मी पुढची तीन वर्षं दर महिन्याला, पाहणीच्या आदल्या दिवशी, शाळेतून येऊन खापराच्या तुकड्यानं ते सारवण खरवडलं. नळावरून बादल्या आणल्या, काथ्यानं कोबा घासला, नखांतला हिरवा रंग वर्गात लपवला. तू मागं उभी राहून सूचना करायचीस, "जप गं, कोपऱ्यातलं लय खरवडू नगंस, लय मेहनतीनं बसवलंय." आणि पाहणीची माणसं पाठमोरी होतात न होतात तोच पाटी डोक्यावर! मला सांग, महिन्यातले चार दिवस तरी उघड्या कोब्यावर राहिली असतीस तर काय बिघडलं असतं? पण नाही. साहेबानं तुझं ऐकलं होतं ना, मग तूही करार मोडणार नव्हतीस.

पुढच्या उन्हाळ्यात थोरले चुलते बाजरीचं पोतं घेऊन आले. आत्याच्या मुलाशी माझं ठरवूनच आले होते. आबांचा जीव वरखाली होत होता, पण मोठ्या भावापुढं त्यांचं तोंड उघडत नसे, आणि तू तर आधीपासून म्हणत आलीस की पोरीला चार बुकं झाली की बास. मी आतल्या खोलीत दप्तर पोटाशी धरून बसले होते. सगळं संपलं असंच मी धरून चालले. आणि तेव्हा, ज्या थोरल्या दिरापुढं तू कधी धड वर मान केली नव्हतीस, त्याच्याशी तू दाराआडून बोललीस. "आवं भावजी, राग मानू नगा. माझं बोलनं आजवर कुनी ऐकलं न्हाई, आन् ऐकलं तरी म्होरं नेलं न्हाई. ह्या पोरीनं त्या गोऱ्याम्होरं उभी ऱ्हाऊन माझा शबुद न शबुद सांगितला. भ्याली न्हाई. मडमनं माझ्या खांद्यावर हात ठिवला, इचारा तिला. ही शिकनार." चुलत्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, खरं का गं? मी बाहेर येऊन उभी राहिले. तुझ्याकडं बघितलं नाही. "व्हय," म्हणाले.

त्या एका 'व्हय'वर मी शिकले. सांगलीला ट्रेनिंग केलं, तिथंच नोकरी लागली, आणि गंमत बघ, मी हिंदीच्याच बाई झाले. तीस-बत्तीस वर्षं मुलींना हिंदी शिकवली. तुला त्याचं कोण कौतुक! "हिची हिंदी लानपनापासनं तसलीच," म्हणायचीस. मला वाटायचं, तोंड दाबून धरावं तुझं. तू चुकीची होतीस, हट्टी होतीस, तुझ्या एका पाटीपायी माझी शाळा जाणार होती आणि ती वाचवायला मी जे बोलले ते बोलायची पाळी तूच माझ्यावर आणलीस. हे मी मनातल्या मनात तुला हजारदा ऐकवलं आहे. आजही माझं मत बदललेलं नाही. फक्त सोबत हेही आठवतं की तुझं म्हणणं खरं होतं, त्या कोब्यावर थंडीत बसवत नसे, आणि सारवल्यावर मी स्वतः त्यावर पालथी पडून लिहायचे.

तुझ्या शेवटच्या वर्षी तू सांगलीला माझ्याकडं होतीस. दुपारी शेजारच्या दोघीतिघी तुला बघायला आल्या, आणि अंगात ताकद नसताना तू ती गोष्ट काढलीसच. मी औषध मोजत होते. संपवता संपवता म्हणालीस, "म्हन की गं एकदा. काय म्हनालीस त्या सायबाला, त्या हिंदीत म्हन. मरायच्या आदी एकदा ऐकू दे." बायकांनी माझ्याकडं पाहिलं. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "साहब, यह ज़मीन मरी हुई है. इस पर पाँव रखो तो ठंड चढ़ती है. हम जंगल में भी चूल्हे के आगे हाथ भर जगह लीपते हैं, तब रोटी बनाते हैं. आपकी सरकार ने दीवारें खड़ी कीं, छत डाली, पर घर नहीं बनाया. घर मैंने बनाया." तुझं एकेक वाक्य मला तोंडपाठ होतं, याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं. तू डोळे मिटून ऐकत होतीस. झाल्यावर मान हलवून त्या बायकांना म्हणालीस, "व्हय. ह्येच. अगदी ह्येच म्हनाली हुती."

बाराव्या वर्षी मी गावाला भ्याले, ते मी स्वतःला केव्हाच माफ केलं. पन्नाशीत, नोकरी पक्की, घर स्वतःचं, तू अंथरुणाला खिळलेली, तेव्हा कशाला भ्याले ते सांगता येत नाही. लग्नाहून आल्यावर म्हटलं निदान कागदावर तरी सांगून टाकू, म्हणून हे एवढं लिहिलं. पण तू असतीस तरी हे पत्र तुला पोचलं नसतं, आई. तुला वाचता येत नव्हतं. तू ते माझ्याच हातात दिलं असतंस आणि म्हणाली असतीस, वाच गं, एक शबुद गाळू नगंस. आणि मी पुन्हा काहीतरी वेगळंच वाचून दाखवलं असतं.