पैसे भरून रेस बघणार नाही म्हणजे नाही

३ मार्च, रविवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी लिहायची ठरवलं आहे. या घरात काय काय सोसावं लागतं याची कुठेतरी नोंद हवी.

आज हंगामातली पहिली रेस. दुपारी तीनला. टीव्ही पुसला. रिमोटचे सेल बदलले. बाबांची खुर्ची माझ्या सोफ्याशेजारी ओढून ठेवली.

आमच्याकडे रेस बघायची पद्धत ठरलेली आहे. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. समालोचन मी करतो. चॅनेलवरच्या त्या समालोचकांना टायरमधलं ओ की ठो कळत नाही, आणि मी टायरच्या दुकानाचा मॅनेजर आहे. कोणी कुठला टायर का लावला हे मी पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगतो. बाबा रेसभर एक शब्द बोलत नाहीत. इतके तल्लीन होतात.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

घात झाला.

तीन वाजता चॅनेल लावलं तर रेसच्या जागी एक बाई गाद्या विकत होती. वाटलं, जाहिरात असेल. बघत राहिलो. गाद्या संपेचनात. शेवटी केबलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, साहेब, रेस फुकटच्या चॅनेलवरून गेली, यंदापासून पैसेवाल्या चॅनेलवर आहे, पॅक टाकू का? मी म्हणालो, टाकायचा नाही, आणि पुन्हा मला फोन करायचा नाही. फोन मीच केला होता, हे त्याने उगाचच लक्षात आणून दिलं.

बाबा तोपर्यंत गाद्या बघत बसले होते. मग आज नाही का, म्हणाले. नाही म्हटल्यावर उठून आपल्या खोलीत गेले.

बाबा रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आले तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे टाकीत पाणी आहे का आणि पेपर आला का. शेजारी शेजारी बसायचो ते फक्त रेसच्या रविवारी. आता तेही गेलं तर आम्ही दोघांनी करायचं काय?

४ मार्च

रात्रभर विचार केला. निर्णय: बहिष्कार.

पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षं फुकट दाखवायचं, सवय लावायची, आणि मग गल्ला मांडून बसायचं? आम्ही काय दूधखुळे आहोत?

बायकोला निर्णय सांगितला. ती म्हणाली, अहो, त्या पॅकमध्ये माझ्या मालिकाही येतात, मी घेते ना. मी ठणकावून सांगितलं, या घरात त्या चॅनेलचं नावसुद्धा निघता कामा नये. ती म्हणाली, बरं.

हिचं 'बरं' म्हणजे पूर्ण पाठिंबा. इतक्या वर्षांच्या संसाराच्या अनुभवावरून सांगतो.

चॅनेलला कडक शब्दांत ईमेल टाकला. 'निषेध' हा शब्द तीनदा वापरला. पाठवतोय न पाठवतोय तोच उत्तर हजर! आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं लिहिलंय, आणि खाली पहिला महिना सवलतीत देऊ केलाय. हादरलेत. माझ्या अंदाजाने आणखी दोन रेस, की येतील गुडघ्यावर.

१२ मार्च

दुकानातून आलो तर बाबांच्या खोलीत एक छोटा टीव्ही, खाली नवा बॉक्स. ही म्हणाली, बाबांना बातम्या बघायला. निषेध म्हणून हॉलमधला टीव्ही मी बंद ठेवलाय, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाची पंचाईत होत होती, हे तिच्या लक्षात आलं. सून असावी तर अशी.

१७ मार्च, रविवार

दुसरी रेस. ठरवलं, हवेतून पकडायची. कुठल्यातरी देशात अजून फुकट दाखवत असतीलच की. बाजारातून मोठा अँटेना आणला आणि गच्चीवर चढलो. खाली हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून दिसतंय का ते ओरडून सांगायला कुणीतरी हवं होतं. हिला हाक मारली तर ती बाबांच्या खोलीत. बाबांना पेपर वाचून दाखवतेय म्हणे. मग मीच वर जाऊन अँटेना फिरवायचा आणि मीच खाली येऊन बघायचं. जिना चढून उतरून पायांचे तुकडे पडले. शेवटी चित्र लागलं. दोन माणसं नावेत बसून मासे पकडत होती. तिसरं कुणी आलं नाही.

परत वर गेलो तर अँटेना चार नंबरवाल्यांच्या बाल्कनीतल्या कुंडीवर पडलेला. ते वर बघून म्हणाले, अहो, इतकी यातायात कशाला, मी पॅक घेतलाय, या की आमच्याकडे. मी बाणेदारपणे नाही म्हणालो. कुंडीचं भरून देईन म्हणालो.

बाबांनी मात्र बरोबर तीनच्या ठोक्याला खोलीचं दार लावून घेतलं होतं. याला म्हणतात निष्ठा. शब्दाने न बोलता बहिष्कारात उतरले.

१८ मार्च

पाय दुखतात. चॅनेलकडून आणखी एक ईमेल. सवलत वाढवली आहे. गडगडायला लागलेत.

७ एप्रिल, रविवार. दुपारी अडीच.

जबरदस्त कल्पना सुचली. रेसची लेखी बातमी मोबाइलवर फेरीगणिक येते, आणि तीही फुकट. म्हणजे चित्र त्यांच्याकडे राहू दे. समालोचन माझ्याकडे आहेच! टीव्ही बंद असला म्हणून काय बिघडलं? तसाही आवाज आपण कधी लावला होता?

बाबांना हाताला धरून हॉलमध्ये आणून बसवलंय. घड्याळाकडे बघतायत. त्यांनाही उत्सुकता आहे.

त्याच दिवशी, पाच वाजता.

सुरुवात झकास झाली. काळ्या पडद्याकडे हात करून मी कोण पुढे, कोण मागे, कोण टायर बदलायला आत आला, सगळं रंगवून सांगत होतो. मोबाइलवर पुढची ओळ यायला वेळ लागला की मधली जागा टायरच्या रबराच्या माहितीने भरून काढत होतो. पाचव्या फेरीला बाबा म्हणाले, गुडघा धरलाय रे, जरा पडतो. गेले. दार लागलं. ही पण औषध द्यायला म्हणून मागोमाग आत गेली.

मी एकट्याने चालू ठेवलं. मधेच आतून बाबा केवढ्यांदा ओरडले, अरे अरे अरे गेला! मी धावलो. दार आतून लावलेलं. ही आतूनच म्हणाली, काही नाही, कळ आली होती, गेली. परत येऊन बघतो तर मोबाइलवर बातमी आलेली, पहिल्या नंबरची गाडी भिंतीवर आदळली. नेमकी मोठी घडामोड झाली तेव्हा बाबांना गुडघ्याने बाहेर काढलं होतं. नशीबच फुटकं त्यांचं.

२१ एप्रिल, रविवार

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये भिंतभर टीव्ही लावलेले असतात आणि त्यावर खेळाचं चॅनेल चालू असतं. बघितलं तर बघितलं, पैसे तर मी देत नाही! तत्त्व शाबूत. बाबांना चला म्हटलं. ते म्हणाले, तू जा, मी इथे ठीक आहे. घरी एकटे बसून निषेध करणार. ऊर भरून आला.

शोरूममध्ये सेल्समन पाठीच लागला. काय दाखवू, काय दाखवू. टीव्ही म्हणालो असतो तर त्याने रेस बंद करून हिरवीगार जंगलं लावली असती. म्हणून समोर दिसला तो व्हॅक्युम क्लीनर म्हणालो. त्याने डेमो सुरू केला. एका डोळ्याने रेस, एका डोळ्याने धूळ. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या जोडप्याला मी टायरचं थोडं समजावून सांगायला लागलो. ते दोघं फ्रीज बघायला निघून गेले. शेवटच्या फेऱ्यांच्या वेळी सेल्समन म्हणाला, सर, मग करू ना बिल? तेव्हा नाही म्हटलं असतं तर बाहेर जावं लागलं असतं. हो म्हणालो.

व्हॅक्युम क्लीनर घरी आला. किंमत वर्षभराच्या पॅकपेक्षा जास्त आहे, पण तुलना करणं चूक. घरात स्वच्छता राहते.

त्यात गंमत अशी की जिंकला कोण ते बघायचं राहूनच गेलं. बिलावर सही करत होतो.

५ मे, रविवार

मला बाबांची काळजी वाटते.

आज चहा घेताना आपणहून म्हणाले, पाऊस आल्यावर लगेच टायर बदलायला हवे होते, तिथेच घोळ झाला. बाहेर कडकडीत ऊन! सकाळपासून ढगाचा तुकडा नाही. मी हळूच विचारलं, कुठला पाऊस, बाबा? ते हिच्याकडे बघायला लागले. हिला चहाचा ठसका लागला.

वय झालं. रेस बंद झाल्याचा धक्का मनाला लागला असणार. जुन्या रेसमधलं काहीतरी आठवत बसतात बिचारे. रविवारी दुपारी त्या बंद खोलीतून हल्ली अगम्य आवाज येतात. मधेच हसतात. मधेच टाळ्या वाजवतात. हीही आत ओरडते. मी विचारलं तर म्हणाली, पेपरात बातम्याच तशा असतात.

१० मे

दुकानात पंक्चर काढणाऱ्या मेकॅनिकला बाबांचं सगळं सांगितलं. तो विचारात पडला. म्हणाला, साहेब, नक्की कुठल्या रविवारी ओरडतात? मी म्हणालो, रेसच्याच. तो पाना घेऊन गाडीखाली गेला. बाहेर येईचना. हळवा आहे पोरगा.

१९ मे, रविवार. दुपारी दोन.

ठरलं. बहिष्कार मागे घेतो. हा पराभव नाही, तह आहे. चॅनेलला मी पुरेसा धडा शिकवलाय. पण बाबांच्या तब्येतीशी खेळणार नाही. तत्त्व गेलं खड्ड्यात. आज त्यांना हाताला धरून हॉलमध्ये आणणार, रेस लावणार, आणि पहिल्यासारखं सगळं समजावून सांगणार. दोन महिन्यांचं साचलंय.

केबलवाल्याला फोन करतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

केबलवाल्याचा फोन लागेपर्यंत तीन वाजून गेले. तो म्हणाला, साहेब, पॅक चालूच आहे की तुमच्याकडे. मार्चपासून. दुसऱ्या बॉक्सवर. वहिनींनी घेतलाय. मी म्हणालो, तू भलत्याच घराचं बघतोयस. त्याने माझा पत्ता मलाच वाचून दाखवला.

बाबांच्या दाराला कान लावला. इंजिनांची घरघर. समालोचकाचा आवाज. आणि त्या दोन्ही आवाजांच्या वर हिचा आवाज. ती एका ड्रायव्हरला शिव्या घालत होती.

दार ढकललं. आज कडी लावायला विसरली असावीत. बाबा पलंगाच्या काठावर, मुठी आवळून. ही उशी पोटाशी धरून त्यांच्या शेजारी. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाहिरात लागली तेव्हा बघितलं.

मी हिला विचारलं, मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, तुमचा बहिष्कार इतका छान चालला होता, मोडवेना. बाबा म्हणाले, चिडू नकोस, पण इतकी वर्षं नुसत्या गाड्या फिरताना बघितल्या, शर्यतीत पुढे कोण आणि मागे कोण हे यंदा कळलं.

अंगाचा तिळपापड झाला. मग वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं. मी विचारलं, मग इतकी वर्षं माझ्याजवळ बसायचात कशाला? ते म्हणाले, तू एकटाच बडबडत बसायचास, बरं दिसत नव्हतं.

आणि मग ते बोलतच सुटले. पावसातल्या रेसचं, भिंतीवर आदळलेल्या गाडीचं, कुणाचं कुणाशी पटत नाही त्याचं. ही मधेमधे भर घालत होती. बाबांना एका दमात इतकं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यातलं अर्धं मला माहीत नव्हतं, पण मान हलवत राहिलो.

जाहिरात संपली. बाबा सरकले, पलंगावर जागा केली आणि म्हणाले, ये, बस. पण बोलायचं नाही.

बसलो. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. तीन फेऱ्या तोंडातून चकार शब्द काढला नाही. चौथ्या फेरीला मी फक्त 'टायर' एवढंच म्हणालो.

बाबांनी आवाज वाढवला.